मातीची वेळ कोण ठरवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात सांगलीच्या एका वाचकाने नुकतेच लिहिले होते. शेजारचे ख्रिस्ती गृहस्थ वारले. माती केव्हा, कुठून निघणार, चर्चमध्ये आत बसायचे की फाटकाशी थांबायचे, कुणालाच धड सांगता येईना. सकाळी गेले तर घरचे म्हणाले दुपारी. दुपारी गेले तर म्हणाले, लेक अजून विमानतळावर आहे, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी हार घेऊन पोचले तेव्हा मंडळी दफन करून परतत होती. इतक्या वर्षांचा शेजार आणि शेवटचे तोंड बघायला मिळाले नाही, असे त्यांनी लिहिले होते. पत्रात तक्रार नव्हती, हळहळ होती, म्हणून ते जास्त लागले.

मी मिरजेची, निवृत्त परिचारिका. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कुणी वारले की पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) पाठोपाठ जी तीन-चार माणसे त्या घरी पोचतात, त्यांतली एक. त्या वाचकांना उत्तर द्यावे म्हणून बसले, पण खरे बोलायचे आहे ते आमच्याच लोकांशी. तेही वर्तमानपत्रातून, कारण चर्चमध्ये हा विषय काढला की ‘सिस्टर पुन्हा सुरू झाल्या’ म्हणत लोक चपला शोधू लागतात. म्हणणे एवढेच आहे: आपली माती कशी व्हावी हे प्रत्येकाने शुद्धीत असताना एका पानावर लिहावे, घरच्यांना वाचून दाखवावे आणि पाळकांकडे द्यावे. मरणाच्या दिवशी ठरवायला बसलेली माणसे ठरवण्याच्या अवस्थेत नसतात. नोकरीत आणि नंतर मी हेच बघत आले आहे.

त्या दिवशी काय काय एकदम अंगावर येते ते ज्यांनी निभावले आहे त्यांनाच ठाऊक. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचा दाखला तिथूनच मिळतो. घरी झाला तर आधी डॉक्टर शोधायचा, आणि तो रात्री शोधायची वेळ आली तर बघायलाच नको. महापालिकेत नोंद करायला कायद्याने २१ दिवस असतात, म्हणून लोक निवांत राहतात. आमच्या दफनभूमीच्या वहीत मात्र नोंद त्याच दिवशी करायची असते आणि तिथे दाखल्याची प्रत मागतात. शवपेटी करणारा सुतार फोनवर पहिला प्रश्न उंचीचा विचारतो. साठ वर्षे संसार केलेल्या माणसाची उंची घरात कुणाला सांगता येत नाही. मग कुणीतरी शिवणाची टेप घेऊन आत जायचे, आणि ते बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येते. पेटीचे माप घेताना खांद्याची रुंदीही घ्यावी लागते, हे जाता जाता सांगते. नुसती उंची सांगून आणलेली पेटी अरुंद निघाली की पुढचे दृश्य कुणीच बघू नये असे असते.

आणि खड्डा. कृष्णाकाठची आमची जमीन काळी. उन्हाळ्यात पहार टणकन उडते, पावसाळ्यात खणून होते न होते तोच तळाला पाणी साचते. खणणारी माणसे पूर्वी मंडळीतलीच असत, तरुण संघाची पोरे रात्रीत खड्डा तयार ठेवत. आता पोरे पुण्यात आयटीत आहेत, खणणाऱ्याला बोलवावे लागते, आणि त्याला पाच-सहा तास आधी सांगितले नाही तर तो दुसऱ्या कामावर गेलेला असतो. दिवस मावळायच्या आत माती व्हावी असा आमचा रिवाज आहे. तो धर्माचा नियम नाही, उजेडाचा आहे. या सगळ्याचा मागून पुढे हिशेब केला की वेळ आपोआप निघते. पण हिशेब करायला एक थंड डोके लागते, आणि त्या घरात त्या दिवशी ते नसते. असतात ते पुण्याचे काका, मुंबईच्या आत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येकाने टाकलेली वेगवेगळी वेळ. पूर्वी चर्चची घंटा संथ वाजू लागली की अख्ख्या गल्लीला कळे. घंटेची वेळ कुणी पुढे पाठवताना बदलत नसे.

मिरज जंक्शनवर आयुष्य काढलेले एक गार्डसाहेब आमच्या मंडळीत होते. पान लिहून देणारे ते पहिले. पहिल्या ओळीत स्वतःची उंची, फुटात आणि इंचात. त्यांनी लिहिले होते: बायबलमधले स्तोत्रसंहिता २३ सगळेच घेतात, माझ्या वेळी १२१ वे, डोंगरांकडे डोळे वर करण्याचे, वाचावे, ड्युटीवरून परतताना दंडोबाच्या डोंगराकडे बघायची मला सवय आहे. गीते तीन, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातले क्रमांक घालून, आणि पुढे कंसात ‘प्रत्येकी तीन कडवी पुरेत, बाजाच्या पेटीवाल्याने चाल ओढू नये’. सूट घालू नये, पांढरा सदरा घालावा. गार्डाची टोपी पेटीत ठेवू नये, ती नातवाची. बोलायला दोघेच: थोरली लेक, आणि जंक्शनवरचे त्यांचे जुने सहकारी, जे मुसलमान आहेत. पत्नीच्या कबरीतच माती द्यावी, नवी जागा अडवू नये. आणि सगळ्यात मोलाची ओळ ही: ‘पुण्याच्या मुलासाठी थांबावे. दुबईच्या मुलासाठी थांबू नये. त्याने रजा काढून स्मरण-उपासनेला यावे. हे मी त्याला फोनवर सांगितले आहे आणि तो हो म्हणाला आहे.’

ते गेले ते पहाटे. आठला आम्ही पान काढले, नऊला वेळ ठरली, दुपारी चारला चर्चमध्ये उपासना, पाचला दफन. घरात एक आवाज वर गेला नाही. दुबईचा मुलगा फोनवर रडला, पण भावाशी भांडला नाही, कारण ठरवणारा भाऊ नव्हता, बाप होता.

याच्या उलट काय होते तेही सांगते. दुसऱ्या एका घरात धाकटीसाठी थांबायचे की नाही यावरून दोन भावांत अशी जुंपली की शीतपेटीचे भाडे कोण देणार इथपर्यंत गोष्ट गेली. धाकटी तिसऱ्या दिवशी पोचली. तोवर थोरला घरातच नव्हता, सासरवाडीला जाऊन बसला होता. आईच्या पेटीला खांदा द्यायला शेजारची लिंगायत मुले पुढे झाली. भाऊ अजूनही बोलत नाहीत. आईला विचारले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते, ती तशीच होती. पण जिवंतपणी असले विचारणे अशुभ! आम्ही ख्रिस्ती लोक शुभ-अशुभ मानत नाही असे व्यासपीठावरून सांगतो, आणि आईला तिच्या मातीबद्दल विचारायचे म्हटले की आमचीच जीभ टाळूला चिकटते.

दफन आणि स्मरण-उपासना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनात पक्के झाले तर निम्मी ओढाताण संपते. दफन शरीराचे असते आणि ते थांबत नाही. स्मरण-उपासना उरलेल्यांसाठी असते, ती पंधरा दिवसांनी घ्या, चाळिसाव्या दिवशी घ्या, वर्षाने घ्या. आम्हा प्रोटेस्टंट मंडळींत तिला दिवसाचे बंधन नाही. आम्ही मृताबद्दल देवाचे आभार मानतो आणि घरच्यांसाठी प्रार्थना करतो. कॅथलिक बांधव मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) अर्पण करतात आणि २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांची आठवण करतात. २०२० साली अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली तेव्हा हा फरक आम्हाला सक्तीने शिकावा लागला. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, सांगलीतले अर्धे नातेवाईक पाण्यात आणि अर्धे छावणीत. त्या आठवड्यात ज्यांना माती दिली त्यांच्या उपासना आम्ही पाणी ओसरल्यावर, घरे धुऊन झाल्यावर घेतल्या. चर्च भरले होते. उशीर झाला म्हणून कुणाचे दुःख शिळे झालेले मला दिसले नाही.

भाषणांबद्दल मात्र मला राग आहे आणि तो लपवणार नाही. एप्रिलची दुपार, पत्र्याचे चर्च, पेटी समोर, फुले कोमेजून काळी पडायला लागलेली, आणि सातवे वक्ते माईक हातात घेऊन ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’ म्हणतात. त्यांत दोन नगरसेवक, एक माजी, एक भावी. दोघांनाही मृताचे नाव चिठ्ठीवर बघावे लागते. पाळकांचे उपदेश त्यानंतर, म्हणजे जे ऐकायला माणसे आली ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडे. आमच्या पानावर आता सरळ रकाना आहे: दफनाच्या उपासनेत घरचा एक आणि मंडळीतला एक, पाच-पाच मिनिटे. बाकी सगळ्यांना स्मरण-उपासनेत भरपूर वेळ. तिथे हसू येईल अशा आठवणीही सांगता येतात. पेटीसमोर त्या कुणाला सुचत नाहीत, आणि सुचल्या तरी सांगवत नाहीत.

उपासनेचा क्रम काही कठीण नाही. योहान ११ मधल्या पुनरुत्थानाच्या वचनाने सुरुवात, गीत, स्तोत्र, प्रार्थना, बहुतेक वेळा करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय, उपदेश, गीत, आशीर्वाद. कबरीपाशी ‘मातीला माती’चे शब्द, मूठ-मूठ माती, प्रभूची प्रार्थना. घाई न करता तासाभरात होते. यात घरच्यांनी निवडायचे असते ते फक्त गीते आणि वाचन, आणि तेच ऐनवेळी कुणाला सुचत नाही. मग पेटीवाला त्याला येते तेच वाजवतो. आमच्याकडे एका बाईंच्या मातीला नाताळाच्या चालीवरचे गीत लागले होते. बाई नाताळात सगळ्यांत पुढे असत, त्यामुळे त्यांना चालले असते, पण त्यांच्या सुनेने आजवर पेटीवाल्याला माफ केलेले नाही. गाण्यातून माणसाची आठवण जागवणे मिरजेला कुणी शिकवायला नको. १९३७ साली वारलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते. आमच्या गल्लीतल्या मातीला निदान तंबोरा नाही तर बाजाची पेटी तरी सुरात असावी.

ज्यांची भजने आम्ही प्रत्येक मातीला म्हणतो ते रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटच्या काळात साताऱ्यात राहत होते. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो तिथेच. १९१९ च्या मे महिन्यात ते मुंबईत वारले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे अशी त्यांची इच्छा होती. त्या काळात मराठी ख्रिस्ती समाजात ही केवढी चमत्कारिक गोष्ट वाटली असेल! तरी ती पाळली गेली आणि अस्थी तेव्हाच्या अहमदनगरला नेल्या. दहन बरे की दफन हा वाद मला घालायचा नाही. कॅथलिक चर्चनेही १९६३ पासून दहनाला मोकळीक दिली आहे, आणि जागेची टंचाई बघता आमच्या पिढीला यावर बोलावेच लागणार आहे. मला टिळकांचे वेगळेच महत्त्व वाटते. न सांगता गेले असते तर कुणाची छाती झाली नसती. सांगितले होते म्हणून झाले.

जागेवरून आठवले. पक्की कबर बांधायची घाई करू नका. काळी माती पावसाचे पाणी पिऊन खाली बसते. निदान एक पावसाळा जाऊ द्यावा, मग बांधकाम. आधी बसवलेला ग्रॅनाइट पुढच्या जूनपर्यंत तिरका होतो आणि मग ठेकेदाराशी भांडण. तोवर लाकडी क्रूस आणि नावाची पाटी पुरते. आणि मोठा चौथरा बांधून शेजारच्या दोन जागा अडवणे हे तर मला मृताचा मान वाटतच नाही. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत उपासनेला येते तेव्हा त्या चौथऱ्यांमुळे म्हाताऱ्यांना पाय टाकायला वाट राहत नाही.

वर्गणीचा विषय लिहू की नको असे दोनदा मनात आले. लिहितेच. एका गावात (नाव लिहीत नाही) मयताच्या नावावर काही वर्षांची वर्गणी थकली होती. मुलगा जुने चर्च सोडून नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रार्थना-गटात, जाऊ लागला होता, त्याचाही राग असावा. कमिटीतले एक गृहस्थ पेटी अंगणात असताना वही घेऊन ओट्यावर येऊन बसले. आधी बाकी भरा, मग जागेचे बघू. मुलाने शेजारच्या किराणा दुकानदाराकडून उसने घेऊन भरले. दुकानदार जैन. तो मला पुढे भेटला तेव्हा म्हणाला, ‘सिस्टर, आमच्याकडे सुद्धा वही असते हो, पण ती त्या दिवशी उघडत नाहीत.’ मी काय बोलणार? वर्गणी भरलीच पाहिजे, चर्चचे वीजबिल आकाशातून भरले जात नाही. पण ती वसूल करायला वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस आहेत. आम्ही ठराव करून घेतला आहे की मयताच्या घरी वही जाणार नाही आणि कमिटीने तो विषय दफनानंतर महिनाभर काढायचा नाही. इतर मंडळ्यांनीही करावा. असा ठराव दोन ओळींचा असतो आणि त्याला खर्च काही नाही.

आता घरोघरी माणसे एका मंडळीची राहिलेली नाहीत. आई जुन्या चर्चची, मुलगा फेलोशिपचा, सून कॅथलिक, आईच्या माहेरचे बौद्ध, वडिलांकडचे अजून हिंदू. उपासना कुणी चालवायची हे पानावर लिहिलेले असले की प्रश्न मिटतो. ते पाळक चालवतील, दुसरे पाळक एक वाचन करतील, तिसरे प्रार्थना करतील. सगळ्यांना जागा आहे. हिंदू भाऊ असेल आणि त्याला आपल्या रीतीने हात जोडून फूल वाहायचे असेल, तर पेटीचे झाकण लावायच्या आधी घरीच त्याला दहा मिनिटे निवांत द्यावीत. चर्चच्या दारात अडवून शिकवणी घेऊ नये. माहेरच्या बाया पांढऱ्या साड्या नेसून अंगणात बसतात, त्यांना आत बोलवायचे काम कुणाला तरी नेमून द्यावे, नाहीतर त्या शेवटपर्यंत अंगणातच राहतात.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांसाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. चर्चमध्ये जरूर आत या, कुठेही बसा, जमले तर पुढे बसा. बाहेर चपलांचा ढीग दिसला तर चपला काढा, नाही दिसला तर राहू द्या. लोक उभे राहिले की उभे राहा; गाणे, प्रार्थना म्हणायची सक्ती नाही. हार-फुले चालतात. गुलाल, हळद-कुंकू आणू नये. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा असेल तर ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत जाऊ नका, जागेवर बसून राहा, कुणाला गैर वाटत नाही. आमच्यात बायका दफनभूमीत येतात, तुमच्या घरातल्या बायकांनीही यायला हरकत नाही. मूठभर माती कुणीही द्यावी. घरी जाऊन अंघोळ करायची की नाही हा तुमचा रिवाज, आम्हाला त्यात अपमान वाटत नाही. आणि त्या रात्री शेजारच्या घरून पिठले-भाकरीची बुट्टी आली तर ती कोणत्याही पुष्पचक्रापेक्षा मोठी. कडू घासाची रीत आम्ही धर्म बदलला तेव्हा सोडली नव्हती.

स्मरण-उपासनेच्या जेवणाचे मात्र आमच्यात भलतेच वाढले आहे. चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स, मांडव, बिर्याणी, व्हिडिओवाला. व्याजाने पैसे काढून घातलेली जेवणे मी बघितली आहेत, आणि जेवून उठताना मीठ कमी होते म्हणणारेही बघितले आहेत. चहा आणि खारी पुरते. ज्याला ऐपत आहे त्याने त्या पैशातून मंडळीच्या नावे एक शीतपेटी घ्यावी. रात्री-अपरात्री भाड्याने मिळवताना जीव जातो.

संपादक महाराज, आपल्याकडेही एक मागणे आहे. निधनवार्तांत शेवटी ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता’ ही ओळ सवयीने पडते. आमच्या एका शिक्षकांच्या निधनाच्या बातमीला ती एका दैनिकात पडली आणि त्यांचे जुने विद्यार्थी सकाळी कृष्णाघाटावर जाऊन थांबले. दफन आदल्या दिवशीच झाले होते. ख्रिस्ती निधनवार्ता असेल तर चर्चमधल्या उपासनेची वेळ, दफनाची जागा आणि स्मरण-उपासनेचा दिवस एवढे विचारून घ्यावे. घरच्यांकडून नीट उत्तर मिळाले नाही तर बातमीत वेळ घालूच नये, ‘वेळेसाठी मंडळीच्या पाळकांशी संपर्क साधावा’ असे छापावे. चुकीच्या वेळेपेक्षा ते कितीतरी बरे. आणि स्मरण-उपासनेची तारीख पुढे ठरली तर तिच्यासाठी त्याच सदरात पुन्हा दोन ओळींची जागा मिळावी. ज्यांना मातीला पोचता आले नाही ते याच दोन ओळींची वाट बघत असतात.

पानाचा नमुना आमच्याकडे तयार आहे. उंची, गीते, वाचन, कुणी बोलायचे, कुणासाठी थांबायचे आणि कुणासाठी नाही, कोणत्या कबरीत, कोणते कपडे, उपासना कोणत्या पाळकांनी चालवायची, जेवण नको हे स्वच्छ शब्दांत. कोणत्याही मंडळीच्या सचिवाने मागावा, आपल्या सोयीने बदलावा, आमचे नाव घालायची गरज नाही. दरवर्षी एकदा, नव्या वर्षाच्या उपासनेनंतर, ज्याला त्याला आपले पान परत वाचायला द्यावे. गीते बदलतात, मुलांचे फोन नंबर बदलतात, काही वेळा कुणासाठी थांबायचे तेही बदलते. पान बायबलमध्ये घालून ठेवू नका. एका आजोबांनी तसे केले होते, आणि ते सापडले दफनानंतर, सगळे त्यांच्या मनाविरुद्ध करून झाल्यावर. दोन प्रती काढायच्या: एक पाळकांकडे, दुसरी घरात, रेशनकार्ड आणि आधार कार्ड ज्या फायलीत असते त्या फायलीत, सगळ्यांत वर.

आपली एक वाचक,
निवृत्त परिचारिका, मिरज
(नाव प्रसिद्ध करू नये)